पास झालेल्या गाडीच्या पोटाखाली काय होतं

हे प्रकरण एका गाडीचं आहे. पेट्रोलवर चालणारी छोटी कार, नोंदणी ऑक्टोबर २००९ची, मालक निवृत्त प्राथमिक शिक्षक, गाव कोकणातलं, खाडीकाठचं. पंधरा वर्षं भरली म्हणून गाडी पासिंगला गेली. पहिल्या वेळी परत पाठवली, मुख्य कारण रंग उडाला होता. दुसऱ्या वेळी पास झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच माझ्या गॅरेजमध्ये, रॅम्पवर असताना तिचा मागच्या ब्रेकचा पाइप फुटला. ज्या कारणासाठी गाडी अडवायला नको होती त्यासाठी अडवली, आणि ज्यासाठी अडवायलाच हवी होती ते कुणी पाहिलंच नाही. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत आणि एकाच तपासणीत घडल्या, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. गुरुजींच्या परवानगीने लिहितो आहे. त्यांचं नाव, गाव आणि कार्यालय मुद्दाम देत नाही, कारण असं काही एकाच कार्यालयात घडतं असं मला म्हणायचं नाही.

गाडी एकहाती वापरलेली. मीटरवर चौऱ्याहत्तर हजार किलोमीटर. पंधरा वर्षांत एवढं म्हणजे फारच कमी. शहरातली टॅक्सी एवढं अंतर वर्ष-दीड वर्षात कापते. गुरुजी बाजाराला, दवाखान्यात, कधी चिपळूणला जाणार, आणि वर्षातून काही वेळा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला मुलीकडे. इंजिन सुरेख. क्लच एकदाच बदललेला. ऑइल दरवर्षी न चुकता. गाडी उभी असते ती घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि शेडपासून खाडी हाकेच्या अंतरावर.

इथेच या गाडीचं खरं दुखणं आहे. आमच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने हवेत खार असतो. गाडी चालली काय आणि उभी राहिली काय, खालचा पत्रा कुजायचा तो कुजतोच. उलट कमी चालणारी गाडी जास्त कुजते. लाल चिखल पाइपच्या क्लिपांमध्ये आणि चाकांच्या कमानींत जाऊन बसतो, सुकत नाही, आणि पत्र्याला कायम ओलावा देत राहतो. सोलापूर किंवा लातूरकडच्या पंधरा वर्षांच्या गाडीच्या पोटाखाली आणि आमच्याकडच्या त्याच वयाच्या गाडीच्या पोटाखाली जे दिसतं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. वरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ४१प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५ भरायचा, विमा आणि पीयूसी चालू हवी, चॅसिस नंबरची पेन्सिल प्रिंट लावायची आणि गाडी निरीक्षकासमोर उभी करायची. यालाच आपण सगळे पासिंग म्हणतो. कारसाठी या नूतनीकरणाची फी आधी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२पासून ५००० झाली. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. शिवाय महाराष्ट्रात तेव्हा पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल कारला पाच वर्षांसाठी ३००० रुपये पर्यावरण कर होता, डिझेलला ३५००. गुरुजींनी ही सगळी रक्कम मुदतीच्या आत, स्वतः ऑनलाइन भरली.

या नियमातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत खासगी कारची यांत्रिक तपासणी सरकार एकदाही करत नाही. पीयूसी असते, पण ती धुराची. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, पत्रा यांच्याकडे पहिल्यांदा बघितलं जातं ते सोळावं लागताना, आणि त्यानंतर थेट विसाव्या वर्षी. टॅक्सीला मात्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. टॅक्सी जास्त चालते म्हणून तिला वारंवार तपासायचं, हे रास्तच आहे. पण खासगी गाडीच्या वाट्याला पहिल्या वीस वर्षांत एकच तपासणी येत असेल, तर ती एक तरी नीट व्हायला नको का?

ती कशी झाली ते सांगतो. मी गुरुजींबरोबर गेलो होतो.

तालुक्याच्या गावी महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी आरटीओचा कॅम्प लागतो. लांबच्या लोकांना जिल्ह्याला जावं लागू नये म्हणून केलेली ही सोय, आणि ती चांगलीच आहे. कॅम्प म्हणजे एक मोकळं मैदान, एक टेबल, लॅपटॉप आणि रांग. त्या रांगेत लायसन्सची चाचणी द्यायला आलेली मुलं, नव्या दुचाकी, रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर आणि आमच्यासारख्या जुन्या गाड्या. रॅम्प नाही, खड्डा नाही, ब्रेक मोजायचं यंत्र नाही. निरीक्षक साहेब तरुण होते, वागायला सरळ होते आणि सकाळपासून उन्हात उभे होते. पैशाचं त्यांनी सूचितही केलं नाही, हे मुद्दाम नोंदवतो. त्यांनी दिवे पाहिले, हॉर्न, इंडिकेटर, वायपर पाहिले, चॅसिस नंबर ताडून पाहिला, नंबरप्लेट पाहिली, गाडी थोडी पुढे घेऊन ब्रेक मारायला सांगितला. मग गाडीभोवती एक फेरी मारली.

"रंग करून आणा. बॉनेट आणि छप्पर पार उडालंय. आणि मागच्या दिव्याची काच फुटलीय, तीही बदला."

गुरुजींनी विचारलं, "साहेब, हे लिहून द्याल का?"

"लिहायचं काय त्यात? दिसतंय की."

दिव्याची काच हा मुद्दा बरोबर होता. मागचा लाल दिवा फुटक्या काचेतून पांढरा दिसतो आणि रात्री मागून येणाऱ्याचा गोंधळ होतो. ती काच बदलायला हवी हे मीच गुरुजींना आधी सांगून ठेवलं होतं, पण भाग मिळायला उशीर होत होता. पण रंग? आरसी बुकात लिहिलेला रंग आणि गाडीचा रंग वेगळा असता तर तो ओळखीचा प्रश्न झाला असता. इथे रंग तोच होता, फक्त उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने फिका पडला होता. फिक्या रंगाची गाडी थांबायला जास्त अंतर घेत नाही. त्याच रांगेत आमच्या मागे एक चकचकीत कार होती. तिची पुढची चाकं आतून झिजून तारा दिसायला आल्या होत्या; मी वाकून पाहिलं म्हणून दिसल्या. ती गाडी पास झाली.

मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एकाने गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं की रंगाबिंगाच्या भानगडीत पडू नका, मी बघतो काय करायचं ते. गुरुजी आयुष्यभर वर्गात खरं बोला म्हणून शिकवत आलेले. त्यांनी हात जोडले आणि गाडी घरी आणली.

आता पैशाचा हिशेब, कारण माझ्या मते या प्रकरणाचं मूळ त्यातच आहे. गुरुजी पेन्शनवर आहेत. गाडीसाठी त्यांनी त्या वर्षी तीस हजारांच्या आसपास बाजूला काढले होते. त्यातले आठ हजार फी आणि करात गेले. उरलेल्यातून मागचे ब्रेक खोलायचे आणि चार टायर घ्यायचे असं आमचं ठरलं होतं. टायरवरची खोली छान होती, नियम १.६ मिलिमीटर मागतो, यांची त्याच्या दुप्पट तरी होती. पण टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. गुरुजींच्या टायरवर २२१२ होतं, म्हणजे २०१२च्या बाविसाव्या आठवड्यातला माल. बारा वर्षांचं रबर. बाजूने बारीक भेगा पडलेल्या होत्या. आपल्या नियमात टायरची खोली आहे, वय नाही, त्यामुळे कमी चालणाऱ्या गाडीचे टायर नियमाने नेहमीच उत्तम ठरतात.

रंगाला बावीस हजार लागले. ब्रेक आणि टायर पुढे गेले.

पेंटरने त्याचं काम चोख केलं. दाराखालच्या पट्टीला, ज्याला आम्ही सिल म्हणतो, गंजाची भोकं पडली होती. तिथे पुट्टी भरून, घासून, रंग मारला. खालून सगळीकडे काळं कोटिंग मारून दिलं, तेही गुरुजी चांगले गिऱ्हाईक म्हणून बिनपैशाचं. त्याचा हेतू शंभर टक्के चांगला होता. पण परिणाम असा झाला की जो गंज आधी निदान वाकून पाहणाऱ्याला दिसला असता, तो आता काळ्या थराखाली गेला. सुरक्षेसाठी नेमलेल्या तपासणीने गाडीच्या मालकाचा पैसा सुरक्षेच्या कामावरून काढून झाकण्याच्या कामावर लावला. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. फी जास्त आहे, रांग मोठी आहे, या तक्रारी त्यापुढे लहान आहेत.

पुढच्या कॅम्पला गाडी पाच मिनिटांत पास झाली. नोंदणी ऑक्टोबर २०२९पर्यंत.

त्यानंतर दिवाळीला कऱ्हाडहून परत येताना, कुंभार्ली उतरताना पेडल खाली जातंय असं गुरुजींना वाटलं. घरी पोचल्यावर त्यांनी फोन केला. "गाडी पास झालीय ना रे? मग असं का व्हावं?" मी गाडी चालवू नका म्हणालो आणि स्वतः जाऊन हळूहळू गॅरेजला आणली.

रॅम्पवर घेतली. इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरायला पोराला सांगितलं. घरच्या घरी कुणालाही करता येते अशी ही तपासणी आहे: अर्धा मिनिट पेडल दाबून धरा, ते हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळतंय. इथे अर्धा मिनिटही लागला नाही. मागच्या ॲक्सलच्या वर, पेट्रोलच्या टाकीजवळ लोखंडी ब्रेक पाइप एका क्लिपमधून जातो. तिथे तो फुटला आणि ऑइलची चिळकांडी उडाली. काळं कोटिंग खरवडलं तर पाइपचे पापुद्रे निघाले. क्लिपमध्ये अडकलेला चिखल पंधरा पावसाळे तिथेच होता.

मग बाकीचंही उघडलं. उजव्या मागच्या चाकाचा व्हील सिलेंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक दाबणारा भाग, पाझरत होता, ब्रेक लायनर तेलाने भिजलेले होते, म्हणजे त्या चाकाचा ब्रेक जवळजवळ नव्हताच. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं झालेलं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी शोषलेलं ऑइल घाटात सतत ब्रेक मारून तापलं की त्यात वाफ धरते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पेडल खाली जातं ते त्यामुळेही. पुट्टी भरलेल्या सिलला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो आत गेला. त्या सिलच्या वरच ड्रायव्हरच्या सीटबेल्टचा खालचा बोल्ट आहे.

पाइप फुटला म्हणजे सगळे ब्रेक गेले असते असं नाही, हेही सांगायला हवं. आजकालच्या कारमध्ये ब्रेकची दोन सर्किटं असतात, बहुधा तिरपी: पुढचं एक चाक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं. एक गेलं तरी दुसरं उरतं. पण घाटात, उतारावर, भरल्या गाडीत, सत्तरीच्या माणसाने अर्ध्या ब्रेकवर अचानक गाडी थांबवायची, म्हणजे काय होऊ शकलं असतं ते मला सांगायची गरज नाही. रॅम्पवर फुटला हे नशीब.

इथून पुढे प्रश्न असा की नीट तपासणी झाली असती तर यातलं काय सापडलं असतं. मैदानावर दहा-पंधराच्या वेगाने घेतलेल्या ब्रेकमध्ये काहीच सापडत नाही, त्या वेगाला हँडब्रेकनेही गाडी थांबते. रोलरवर चाक ठेवून ब्रेकचा जोर मोजणारं यंत्र असतं तर तेलाने भिजलेलं उजवं चाक लगेच उघडं पडलं असतं, कारण ते यंत्र प्रत्येक चाकाचा आकडा वेगळा देतं आणि डाव्या-उजव्यातला फरक दाखवतं. पण कुजलेला पाइप रोलरवरही सापडला नसता. फुटेपर्यंत तो दाब नीट पोचवतच होता. त्यासाठी माणसाने बॅटरी घेऊन गाडीखाली जायला हवं. सिलसाठी हातोडीने टकटक करून पाहायला हवं.

यंत्राने सगळा प्रश्न सुटेल असं म्हणणाऱ्यांशी म्हणून माझं पूर्ण जमत नाही. केंद्राने सप्टेंबर २०२१मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आणले. त्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते: तपासणी केंद्र चालवणाऱ्याने दुरुस्तीचा किंवा सुट्या भागांचा धंदा तिथे करायचा नाही. निकाल यंत्रातून थेट सर्व्हरवर जातो, नापास झाल्यास फेरतपासणी आणि अपील आहे. हे सगळं योग्य दिशेने आहे. त्याआधी नाशिकला केंद्राच्या योजनेतून यांत्रिक तपासणी केंद्र उभं राहिलं होतंच. पण आमच्या तालुक्यापासून असं केंद्र जितकं लांब, तितका कॅम्पचा मोह जास्त. आणि यंत्राच्या नावाखाली गाडीखाली बघणारा माणूस काढून टाकला तर कोकणातल्या गाड्यांना त्याचा उपयोग निम्माच.

ब्रिटनमधली एमओटी तपासणी इथे पाहण्यासारखी आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. मे २०१८पासून दोषांचे किरकोळ, मोठे आणि धोकादायक असे वर्ग केले आहेत. किरकोळ दोषावर गाडी अडवत नाहीत, फक्त नोंद करतात. सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग जिथे बसतं त्या जागेपासून तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास. गुरुजींचा सिल नेमका त्यात बसला असता. ब्रेकचा निकषही गाडीच्या काळाप्रमाणे आहे: सप्टेंबर २०१०पासूनच्या कारला ५८ टक्के कार्यक्षमता लागते, त्याआधीच्यांना ५० टक्के. नापास केल्याचं कारण छापील मिळतं, ते पटलं नाही तर अपील करता येतं, आणि नंबर टाकून कुणीही त्या गाडीचा तपासणीचा इतिहास पाहू शकतो. तिथे एक खोट अशी की तपासणारी गॅरेजंच दुरुस्तीही करतात. मी स्वतः गॅरेजवाला आहे, म्हणून ठामपणे सांगतो: दोष शोधल्यावर ज्याला पैसे मिळतात त्याच्या हातात पास-नापासचा शिक्का देऊ नये. मलाही देऊ नये.

काळाप्रमाणे निकष लावायची कल्पना आपल्याकडे परकी नाही. पीयूसीत ती आहेच. बीएस म्हणजे भारत स्टेज, नव्या गाड्यांच्या धुरासाठी सरकारने ठरवलेले टप्पे. बीएस-२ आणि बीएस-३ची पेट्रोल कार ०.५ टक्के कार्बन मोनॉक्साइडपर्यंत चालते, बीएस-४ला ०.३ टक्के. गुरुजींची गाडी २००९ची, आमच्याकडे तेव्हा बीएस-४ विक्रीलाच नव्हती. ते १ एप्रिल २०१०पासून मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत आलं आणि देशभर २०१७मध्ये. तिला तिच्या काळाच्या मापाने मोजणं हाच न्याय. धुरात ती आरामात बसते.

आपल्याकडे या विषयावर न्यायालयं झोपून राहिली असंही नाही. व्यावसायिक वाहनांना चाचणी न घेताच फिटनेस मिळतं, अशा तक्रारीवरची २०१३ची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात चालली. न्यायालयाने आरटीओंना अडीचशे मीटरचे ब्रेक चाचणी ट्रॅक करायला लावले. पुण्याच्या गाड्या चाचणीसाठी पुण्याजवळच्या दिवे गावाला नेऊ लागले ते त्यातूनच. २०१८मध्ये नियमाप्रमाणे चाचणी न घेता प्रमाणपत्रं दिल्याबद्दल राज्यात अधिकारी निलंबित झाले. पण हे सगळं ट्रक, बस, टेम्पो, रिक्षांचं. जुनी खासगी कार त्या लढ्यात कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

तपासणीवर कुणाचाच भरवसा उरला नाही की काय होतं, ते दिल्लीने दाखवलं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ला तिथे वयाची रेघ ओढली: डिझेल दहा वर्षं, पेट्रोल पंधरा. गाडी कशी आहे हा प्रश्नच नाही. १ जुलै २०२५पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही, कॅमेरे नंबर वाचतील, असं ठरलं. दिल्लीत अशा सुमारे ६२ लाख गाड्या होत्या. दोन-तीन दिवसांत गोंधळ एवढा झाला की दिल्ली सरकारनेच थांबवा म्हणून पत्र दिलं. १२ ऑगस्टला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, यांच्या पीठाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका म्हणून आदेश दिला. डिसेंबरमध्ये तो आदेश बदलून संरक्षण बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं गेलं. म्हणजे गुरुजी दिल्लीत असते तर त्यांची गाडी पुन्हा कारवाईच्या छायेत आली असती.

वयाची रेघ अन्यायाची आहे, असं म्हणणाऱ्यांत मीही आहे. पण ती का ओढावी लागली हेही पाहायला हवं. १ एप्रिल २०२५ला दिल्ली विधानसभेत ठेवलेल्या कॅगच्या अहवालात तिथल्या पीयूसीचा पंचनामा आहे. ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०२० या काळात मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या १.०८ लाख गाड्यांना पास केलेलं होतं. ७६,८६५ प्रकरणांत तपासणी आणि प्रमाणपत्र दोन्ही एका मिनिटात उरकलेलं होतं. एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून जास्त गाड्या तपासल्याच्या हजारो नोंदी होत्या. झुलझुली इथलं यांत्रिक फिटनेस केंद्र रिकामं राहत होतं आणि बहुतेक गाड्या बुराडीला नुसत्या नजरेखालून जात होत्या. अशा प्रमाणपत्रांवर कुठलं न्यायालय विसंबून राहील? जन्मतारीख खोटी करणं अवघड असतं, म्हणून जन्मतारखेवर निकाल दिला गेला. त्यात नीट राखलेली गाडीही भंगारात जाते. आमच्याकडे उलट: पाइप कुजलेली गाडीही पाच वर्षांसाठी पास होते. दिल्लीतला मालक आणि आमचे गुरुजी, दोघांच्याही गाडीखाली वाकून कुणी पाहिलं नाही.

आणि आता फी आणखी वाढली आहे. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाला दहा हजार रुपये केले. जुनी गाडी ठेवणं महाग व्हावं, लोकांनी ती काढावी, हा त्यामागचा विचार समजतो. पण या दहा हजारांत मालकाला काय मिळणार, तर मैदानावरची तीच फेरी. याचा परिणाम गावोगावी दिसू लागला आहे: लोक नूतनीकरण करतच नाहीत. गाडी गावात फिरते, हमरस्त्यावर जात नाही, कुणी अडवत नाही. नोंदणी संपलेल्या गाडीचा अपघात झाला की विम्याचं काय होतं ते त्यांना तेव्हाच कळतं, आणि ज्याला ठोकर बसली त्यालाही.

गुरुजींच्या गाडीचं पुढे काय केलं ते सांगतो. मागचे सगळे ब्रेक पाइप नवीन टाकले, तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे, हे गंजत नाहीत. दोन्ही व्हील सिलेंडर, लायनर, चारही होज, नवं ऑइल. सिलचा कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, पुट्टी नाही. टायर दोन आता, दोन पुढच्या पगारावर, म्हणजे पेन्शनवर. टायर सोडले तर या कामाचं बिल रंगाच्या बिलापेक्षा कमी झालं. गुरुजींनी बिल दोनदा वाचलं आणि म्हणाले, "एवढंच होतं तर हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं." रागाने नाही, वर्गातला हुशार मुलगा चुकला की मास्तर म्हणतात तसं.

त्यांनी परिवहन कार्यालयाला अर्ज दिला आहे. मागण्या साध्या आहेत. गाडी परत पाठवली तर कारण लेखी द्यावं आणि पुढच्या वेळी तेवढंच तपासावं. रंग, डाग, पोचे यांवर गाडी अडवू नये. अडवायची तर ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, सीटबेल्ट आणि त्यांच्या आजूबाजूचा पत्रा यांवर. कॅम्पच्या जागी निदान एक खड्डा बांधावा. तालुक्याच्या एसटी आगारात तो आहेच, महिन्यातून एक दिवस तो मागून घेता येईल. ही शेवटची सूचना गुरुजींची, आणि मला ती सगळ्यांत आवडली, कारण त्याला नवं बजेट लागत नाही. पाच वर्षांऐवजी जुन्या गाडीची तपासणी दरवर्षी, कमी फीमध्ये करावी, हे मी त्यात जोडायला सांगितलं. गुरुजी आधी कचरले, दरवर्षी हेलपाटा म्हणून. पण पाइप पंधरा वर्षांत कुजला, आता नव्याला पाच वर्षं कुणी बघणारच नसेल तर कसं, हे त्यांनाही पटलं.

सरकारी तपासणी आता २०२९मध्ये. तोपर्यंत दर पावसाळ्यानंतर गाडी रॅम्पवर घ्यायची असं आमचं ठरलं आहे, आणि जे दिसेल ते तारीख घालून वहीत लिहायचं. २०२५च्या पावसाळ्यानंतर पाहिलं तेव्हा पाइप उत्तम होते, पण डाव्या बाजूचा सिल, ज्याला आम्ही हात लावला नव्हता, पातळ झाला आहे. गुरुजींनी त्याच दिवशी सांगून टाकलं: सीटबेल्टच्या बोल्टापर्यंत गंज पोचला तर पासिंग कितीही शिल्लक असलं तरी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्राला द्यायची.